आईचे दूध : निर्णय आणि निभाव

बाळाला अंगावर पाजणे हा एक निर्णय असतो असे म्हटले की जुनी माणसे हसतात. आई झाली म्हणजे पाजणारच, त्यात ठरवायचे ते काय, असा त्यांचा सवाल. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या देशातील सहा महिन्यांखालील मुलांपैकी ६३.७ टक्केच निव्वळ आईच्या दुधावर असल्याचे आढळले. जन्मानंतर पहिल्या तासात पाजल्याचे प्रमाण तर ४१.८ टक्के. इच्छा घरोघर आहे, मग गाडी अडते कुठे?

पाजण्याचे ठरविताना बायका पुस्तक वाचत नाहीत. आईला, थोरल्या बहिणीला पाजताना पाहिलेले असते. डब्याची किंमत परवडत नाही. जुलाब आणि न्यूमोनिया यांपासून या दुधाने संरक्षण मिळते, हे आरोग्यसेविकेने सांगितलेले असते. आईचाही त्यात लाभ आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कमी होतो, पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका घटतो. हे कुणी तिला फारसे सांगत नाही, ही खेदाची बाब आहे.

खरी कसोटी पहिल्या पंधरवड्यात लागते. येथे आमचीच चूक सांगणे भाग आहे. २००८ साली आम्हाला मुलगी झाली. तिसऱ्या रात्री ती रडायची थांबेना. "दूध पुरत नाही हिला," असे घरातील वडीलधाऱ्यांनी ठरविले आणि आम्ही स्वतः जाऊन पावडरचा डबा आणला. आईचे दूध सर्वोत्तम, अशी सूचना १९९२ च्या कायद्यानुसार त्याच डब्यावर छापलेली होती. दिवसभर नोटा मोजून बारीक अक्षरे वाचणाऱ्या माणसाने तेवढे मात्र वाचले नाही! दीड महिन्यात पत्नीचे दूध आटले. ती काही बोलली नाही. पण बाटली उकळताना ती रडत असे.

यामागील शास्त्र समजून घेऊ. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. वरच्या दुधाने पोट भरले की ते कमी ओढते. कमी ओढले की दूध कमी होते. मग "पाहा, दूध नव्हतेच" असे म्हणायला आपण मोकळे. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावते, आणि तेवढा घट्ट पिवळा चीक त्याला पुरतो. तो पिळून टाकू नये, मधही चाटवू नये. बाळ रडते म्हणजे उपाशीच आहे असे नाही. पहिला आठवडा सरल्यावर दिवसरात्रीत सहा वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे. वजन वाढत नसेल तर मात्र शेजारणीला न विचारता डॉक्टरांना दाखवावे.

२०१२ मध्ये मुलगा झाला तेव्हा आम्ही एकच काम केले. रात्री उठून बाळ पत्नीजवळ देणे, तिला पाणी देणे, आणि सल्ला द्यायला येणाऱ्यांना चहा पाजून बाहेरच्या खोलीत बसविणे. मुलगा दीड वर्ष प्याला.

दुसरी अडचण कामाची. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कारखान्यांतील स्त्रियांसाठी तो कायदा झाला. पुढे १९६१ चा कायदा आला, आणि २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. बँकेतील आमच्या भगिनींना त्याचा आधार आहे.

पण आमच्या वस्तीत धुणीभांडी करणारी एक ताई महिना होण्याआधीच कामावर गेली. तिला कसली रजा? तिची जाऊ रोज अकराच्या सुमारास बाळ घेऊन त्या इमारतीकडे जात असे. जिन्याखाली बसून ताई पाजायची, पदर सावरायची आणि पुढच्या घरी जायची. वर्षभर हे चालले.