समारंभातला फोटो-शो : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन असो की आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, हॉलमध्ये पडद्यावर जुने फोटो दाखवायचे हे आता ठरल्यासारखंच असतं. कोणीतरी स्टुडिओत चौकशी करतं, तिथे पॅकेज सांगतात आणि आकडा ऐकून घरात दोन तट पडतात. या पॅकेजमध्ये खरं तर तीन कामं असतात : कागदी फोटो स्कॅन करणं, सगळे फोटो क्रमाने लावणं आणि गाणं घालून त्यांचा व्हिडिओ करणं. तिन्हींचे दर सुटे मागा. पैसे मोजायचेच तर पहिल्या कामाला मोजावेत. तिसरं घरच्या संगणकावर फुकट होतं. दुसरं बाहेरच्या माणसाला नीट जमत नाही, कारण फोटोतली मावशी कोणती आणि आत्या कोणती हे त्याला कळणार कुठून?

स्कॅनिंगचा दर फोटोमागे असतो आणि दुकानागणिक बदलतो. हिशेबापुरते फोटोमागे १० रुपये धरले, तर ४०० फोटोंचा अख्खा अल्बम नेणाऱ्याचे ४००० जातात आणि घरीच १०० निवडून नेणाऱ्याचे १०००. शंभर पुरतातही. एक फोटो पाच सेकंद ठेवला तर शंभर फोटोंना आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. जेवणाची पानं मांडली जात असताना त्याहून जास्त वेळ कोणी बघत नाही. दर ठरवताना ‘किती डीपीआय’ हे जरूर विचारा. चार बाय सहा इंची फोटो ३०० डीपीआयला १२०० बाय १८०० पिक्सेलचा होतो. फुल एचडी पडद्याची उंची १०८० पिक्सेल, म्हणजे दाखवायला तेवढं पुरेसं आहे. पासपोर्ट आकाराचे किंवा जुने लहान कृष्णधवल फोटो मात्र ६००लाच करून घ्या. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानासकट स्कॅन करायला सांगा.

घरी करायचं तर साधा फ्लॅटबेड स्कॅनर ५००० रुपयांच्या आसपास मिळतो. साडेतीन बाय पाच इंचाचे चार फोटो त्यावर एका वेळी बसतात. एकाच समारंभासाठी तो विकत घेणं परवडत नाही, पण चार भावंडांचे अल्बम एकत्र करायचे असतील तर घ्यावा. मोबाइलवर गूगलचं फोटोस्कॅन हे अ‍ॅप मोफत आहे. ते एकाच फोटोची अनेक छायाचित्रं घेऊन त्यावरची चमक घालवतं. बारीक चेहऱ्यांचे ग्रुप फोटो सोडले तर काम भागतं.

आता मोबाइलमधले फोटो. इथे पैसा जात नाही, दर्जा जातो. नातेवाइकांना ‘फोटो पाठवा’ म्हटलं की सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि ते आकाराने लहान होऊन येतात. शिवाय फोटो कधी काढला ही नोंदही बहुधा पुसली जाते. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असा निरोप द्या. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. स्वतःच्या फोनमधले फोटो केबल लावून, अँड्रॉइडवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडून थेट संगणकावर घ्या. आयफोनचे फोटो हेइक प्रकारात असतात आणि बरेच टीव्ही ते दाखवत नाहीत, म्हणून जेपेगमध्ये बदलून घ्यावे. गूगलची १५ जीबी जागा मोफत आहे, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. जागा भरली म्हणून लगेच वार्षिक योजना घेऊ नका. १०० जीबीसाठी महिन्याला १३० रुपये पडतात. एक महिना घेऊन काम उरकता येतं.

खरी मेहनत क्रम लावण्यात आहे. संगणकाला ‘तारखेप्रमाणे लाव’ म्हटलं तर १९७२चं लग्न शेवटी जातं, कारण स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅनची तारीख पडते. म्हणून नावं आपणच द्यावीत : आधी वर्ष, मग तीन आकडी अनुक्रमांक. ००१, ००२ असंच लिहा. नुसतं १, २ लिहिलं तर अनेक टीव्ही १ नंतर १० दाखवतात. नावांत देवनागरी नको, इंग्रजी आकडे ठेवा. वर्ष आठवत नसेल तर घरातल्या वयस्कर माणसाला शेजारी बसवा. साड्या आणि मुलांची उंची बघून ते अचूक सांगतात, आणि हे काम कुठलंही पॅकेज करत नाही. उभे फोटो सलग ठेवले की पडदा दोन्हीकडून काळा दिसतो. दोन उभे शेजारी जोडावेत. आणि प्रत्येक शाखेचा निदान एक फोटो आहे ना, हे आधी तपासा, नाहीतर रुसवेफुगवे पुढची दहा वर्षं चालतात.

व्हिडिओसाठी विंडोजचं क्लिपचॅम्प १०८०पी पर्यंत मोफत आहे, मॅकवर आयमूव्ही आहे. गाणं नको असेल तर लिब्रेऑफिस इम्प्रेसमधला फोटो अल्बम पुरतो. काही मोबाइल अ‍ॅप फुकट आवृत्तीत कोपऱ्यात आपलं चिन्ह उमटवतात आणि ते काढायला वर्गणी मागतात. ‘काही दिवस मोफत’ म्हणून यूपीआय ऑटोपे चालू केलं असेल, तर काम झाल्यावर ते यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन रद्द करा. लग्नाशी निगडित समारंभात गाणी वाजवायला कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२मध्ये सूट आहे. तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला, तर हक्कदार कंपनीचा दावा येऊ शकतो.

हॉलचा पडदा आणि प्रोजेक्टर भाड्यात धरलेत का, हे बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्या. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा पुरे, पण आदल्या दिवशी तिथल्याच यंत्रावर लावून बघा.

स्टुडिओला काम दिलंच तर अंतिम व्हिडिओबरोबर सुटे स्कॅनही मिळतील हे आधी ठरवा आणि ते हाती येईपर्यंत निम्मी रक्कम राखून ठेवा. जीएसटी लावला असेल तर बिलावर दुकानदाराचा जीएसटी क्रमांक हवाच. बिल जपून ठेवा. तक्रारीची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.