बाक, पदपथ आणि बेघर माणूस

बेंगळुरूमधील बसवनगुडी हे नियोजनपूर्वक वसविलेले उपनगर होय. १८९८ मध्ये शहरात प्लेगची साथ आली आणि जुन्या पेठेतील दाटी कमी करण्यासाठी बसवनगुडी व मल्लेश्वरम् या वसाहतींची आखणी झाली. रुंद रस्ते, काटकोनातील भूखंड आणि मोकळी हवा यांचा विचार त्या आराखड्यात होता. निवारा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच मान्य झाले होते, असा याचा अर्थ. मात्र आराखड्यात जागा असते ती घर असलेल्या माणसाला. ज्याला घर नाही त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते : पदपथ, बसथांबा, दुकानाची पायरी किंवा पिंपळाभोवतीचा कट्टा. कानडीतील हा ‘अश्वत्थ कट्टे’ म्हणजे मराठी गावातला पारच.

पार कोणालाही पाठ टेकू देतो. आधुनिक शहरातील बाक तसे करीलच असे नाही. बाकाच्या मधोमध बसविलेला लोखंडी दांडा हात टेकण्यासाठी असल्याचे भासते. प्रत्यक्षात त्यामुळे आडवे होता येत नाही. मार्च २०१८ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात एका बँकेच्या शाखेबाहेर अणकुचीदार खिळे बसविण्यात आले. नागरिकांनी टीका केल्यावर ते काढावे लागले. बेघर माणसाला हटविल्याने बेघरपणा हटत नाही, तो फक्त दृष्टीआड होतो. आणि जे दिसत नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

रचनेचा उपयोग याच्या नेमका उलटही करता येतो. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात २०१४ मध्ये ‘रेनसिटी हाउसिंग’ या संस्थेसाठी काही बाक तयार करण्यात आले. एका बाकाची पाठ उचलली की तिचे छप्पर होई व त्याखाली संस्थेचा पत्ता दिसे. दुसऱ्यावर दिवसा ‘हा बाक आहे’ असे वाचता येई. अंधारात मात्र ‘ही शयनगृहाची खोली आहे’ अशी अक्षरे उजळत. वाटसरूला थांबवून विचार करायला लावणारी ही युक्ती निश्चितच परिणामकारक होती. तथापि, तिचा वाचक घर असलेला माणूस होता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

या दृष्टीने मुंबईचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते. ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मानले. परीक्षार्थींच्या टिपणांत बहुधा एवढेच असते. त्याच निकालाने पदपथावरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला होता. कारवाई केवळ पावसाळ्यापुरती, ३१ ऑक्टोबरपर्यंत, लांबणीवर टाकली. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने प्रामुख्याने भायखळा परिसरातील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी केली. अहवालाचे नाव होते ‘वुई, द इन्व्हिजिबल’, म्हणजे ‘आम्ही, न दिसणारे’. पुढे ‘महिला मिलन’मध्ये संघटित झालेल्या पदपथावरील स्त्रियांनी आपल्याला परवडेल अशा घराचा आराखडा स्वतः केला. छत चौदा फूट उंच ठेवले की आत माळा काढता येतो, हा हिशेब त्यांचाच. या घराची पूर्णाकृती प्रतिकृती उभारून ती लोकांना व अधिकाऱ्यांना दाखविण्यात आली. कालांतराने मानखुर्दच्या मिलन नगरात अशी घरे प्रत्यक्ष उभी राहिली.

दिसण्याचा दुसरा मार्ग म्हणजे मोजणी. जनगणनेत उघड्यावर, पदपथावर, उड्डाणपुलाखाली, मोठ्या नळात किंवा रेल्वे फलाटावर राहणाऱ्यांना बेघर मानले जाते. २०११ मध्ये ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशातील बेघरांची संख्या २००१ मधील १९.४३ लाखांवरून १७.७३ लाखांवर आली; परंतु शहरी बेघर ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेले. एकूण घट पाहून समाधान मानणाऱ्याने हा दुसरा आकडा अवश्य पाहावा.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातील शहरी बेघर निवारा योजनेने एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांच्या कायमस्वरूपी निवाऱ्याचा निकष ठरविला. प्रत्येकासाठी किमान पन्नास चौरस फूट जागा अपेक्षित होती. २०११ मध्ये बेंगळुरू महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ८४ लाख होती. या निकषाने तेथे किमान ८४ निवारे हवेत. ते कोठे असावेत, हाही रचनेचाच प्रश्न आहे. बसवनगुडीच्या उत्तरेला असलेल्या कृष्णराजेंद्र बाजारात फुलांचा व्यवहार पहाटेपूर्वीच सुरू होतो. तेथील हमालाला निवारा बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि चोवीस तास उघडा लागतो. परप्रांतातून आलेल्या मजुराला कानडी फलक वाचता येत नाही. त्याच्यासाठी छप्पर, झोपलेला माणूस आणि दिशेचा बाण एवढे चित्र पुरते.