मरणवही

पावसाळ्याच्या पहिल्या सरीत क्रांती चौकातल्या उड्डाणपुलाखाली माझी स्कूटी घसरली आणि उजव्या पायाला सहा आठवड्यांचं प्लास्टर चढलं. घर चौकाच्या मागच्याच गल्लीत आहे. मोर्चा असला की घोषणा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतात. मी दुकानांचे हिशोब लिहितो. ते काम दुपारपर्यंत उरकायचं आणि मग दिवस खायला उठायचा. म्हणून भाच्याने माझ्या मोबाइलवर 'डेड सेल्स' हा गेम टाकून दिला. "मामा, वेळ जाईल." वेळ गेलाच. पहिल्या दहा दिवसांत त्याच्यासोबत झोप गेली आणि उजवा अंगठा गेला. एकदा नळाला पाणी आलं, मोटारीचं बटण हाताशी होतं, तरी बायकोची हाक मला ऐकू आली नाही. त्यामुळे घरातली पतही गेली. आमच्या शहरात पाण्याचा दिवस चुकवणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

माझं वय सत्तेचाळीस. आमची पिढी टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेमवर वाढली. 'कॉन्ट्रा'त रिमोटची बटणं ठरावीक क्रमाने दाबली की तीस जीव मिळायचे. तोच हिशोब धरून मी इथे उतरलो, आणि इथे जीव एकच. मेलात की पुन्हा तीच कोठडी, तीच गंजकी तलवार. या जातीच्या खेळांना 'रोगलाइक' म्हणतात, १९८० च्या 'रोग' या खेळावरून. मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी तो बनवला, पुढे केन अर्नोल्ड त्यांना मिळाला. पडद्यावर चित्रं नव्हती, नुसती अक्षरं होती. पण मेल्यावर सगळं पहिल्यापासून आणि तळघराची रचना दर वेळी नवी, ही दोन कलमं तेव्हापासूनची. 'डेड सेल्स' २०१८ मध्ये पूर्ण होऊन आला. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या 'मोशन ट्विन' या सहकारी संस्थेने तो केला. तिथे सगळ्यांना सारखाच पगार. सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उसाचे ट्रॅक्टर येतात. गेमही सहकारातून निघू शकतो, हे मला प्लास्टरमुळे कळलं.

मी पहिली चूक केली ती वाट पाठ करण्याची. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी आठवा. अनोळखी शत्रू त्या वळणांत अडकायचा, पण ती वळणं कातळात कायमची कोरलेली आहेत. तीनचारदा गेलात तर पायच वाट सांगतात. इथे अंधारीच दर वेळी नव्याने खोदली जाते. डावीकडे जिना होता, हे आठवून काही उपयोग नाही. कायम राहतं ते जनावरांचं वागणं. प्रत्येक शत्रू वार करण्याआधी क्षणभर थबकतो आणि त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटतं. क्रांती चौकात रिक्षावाला वळण्याआधी हात दाखवत नाही, म्हणून आपण त्याच्या पुढच्या चाकाकडे बघतो. अगदी तसंच. चिन्ह दिसलं की कोलांटी मारायची, आणि शक्यतो त्याच्या अंगावरून पलीकडे. कोलांटी चालू असताना वार लागत नाही. मी पहिले आठ दिवस कोलांटीचं बटण पळून जाण्यासाठीच वापरत होतो.

दुसरं असं की बोटांनी काचेवर खेळू नका. अंगठ्याखाली निम्मा शत्रू झाकला जातो. भाच्याचा ब्लूटूथ कंट्रोलर हाती आला तेव्हा मी निदान कशाने मरतोय ते दिसू लागलं.

आणि मग मी वही केली. धंद्याची सवय. तारीख, कुठवर पोचलो, हातात काय होतं आणि शेवटचा रकाना 'कारण'. भाचा हसला. पंचवीस मरणं झाल्यावर बेरीज केली, तर त्यातल्या चौदा नोंदींपुढे मीच एक शब्द लिहिलेला होता: 'उगाच'. उगाच म्हणजे बाटलीत औषध असताना न प्यायल्यामुळे. उगाच म्हणजे दोन वार पुरे असताना तिसरा करायला गेल्यामुळे. खेळही त्यात तेल ओततो. मार बसला की रक्ताच्या पट्टीचा तेवढा भाग केशरी होतो आणि हळूहळू ओसरतो. तेवढ्यात उलटा वार केलात तर त्यातलं थोडं परत मिळतं. ते परत मिळवायला धावलो, की दुसरा मार ठरलेला.

जमाखर्चाची बाजू तर माझ्या लगेच लक्षात यायला हवी होती. शत्रू मारून ज्या पेशी मिळतात त्या मेल्यावर सगळ्या जातात. दोन टप्प्यांच्या मध्ये 'कलेक्टर' भेटतो. त्याच्याकडे जेवढ्या भरल्या तेवढ्याच कायमच्या कामी येतात. म्हणून टप्प्याच्या दाराजवळ आलात, रक्त कमी आहे आणि वर एखादी खोली बघायची राहिली आहे, तर ती राहू द्या. आधी भरणा करा. पहिला खर्च औषधाच्या बाटलीवर, शस्त्रांवर नंतर. ताकद वाढवणाऱ्या गुंडाळ्या मिळतात त्या लाल, जांभळ्या, हिरव्या. सुरुवातीला कुठलाही एकच रंग धरा आणि शस्त्रंही त्याच रंगाची ठेवा. मी तिन्ही रंग समसमान वाटत बसलो होतो, जणू भावांमध्ये शेत वाटतोय. कुणाच्याच वाट्याला पिकण्याइतकं आलं नाही.

आता पेटीचं सांगतो, कारण ती माझ्या जिवाला लागली आहे.

वाटेत कधीकधी शापित पेटी दिसते. उघडलीत तर आतला माल उत्तम. पण त्यानंतर दहा शत्रू मारेपर्यंत तुम्हाला एकही ओरखडा चालत नाही. एक साधा धक्का आणि खेळ खलास, रक्त कितीही असो. एकोणिसाव्या खेळात माझ्याकडे बर्फाचं धनुष्य होतं, रक्त पूर्ण होतं, ज्या पुलावर 'कन्सिएर्ज' नावाचा पहिला मोठा राक्षस उभा असतो तो एका टप्प्यावर होता. माझ्या आयुष्यातला तोवरचा सर्वांत चांगला डाव. पेटी उघडली. दहाचे नऊ झाले, आठ झाले. धनुष्यामुळे लांबूनच काम होत होतं. आकडा एकवर आला. समोर एकटाच, सुस्त, ज्याला मी पहिल्या दिवसापासून मारत आलो होतो असा शत्रू. मी धनुष्य ठेवून तलवार काढली. का, ते वहीतही लिहिता आलं नाही. त्याने हात उचलला, डोक्यावर चिन्ह उमटलं, मला ते दिसलंही. त्या रात्री मी मोबाइल गादीवर आपटला आणि प्लास्टरचा पाय पलंगाच्या कडेला लागला. बायको उठली नाही, पण ती जागी होती.

दुसऱ्या दिवशी नियम केला: दिवसाला तीन मरणं, त्यापुढे नाही. रागावलेला माणूस चौथ्या खेळात पहिल्याच कोठडीत मरतो, याच्या माझ्या वहीत नोंदी आहेत. कन्सिएर्ज तेविसाव्या खेळात पडला. तो झेप घेतो. झेपेच्या खालून सरकून त्याच्या पाठीशी जायचं आणि दोनच वार करायचे.

ज्यांची बोटं मंद आहेत किंवा नजर कमी आहे, त्यांच्यासाठी या खेळात २०२२ पासून मदतीची सोय आहे. शत्रूंचा मार कमी करता येतो, सापळे हळू करता येतात, मेल्यावर पुढे चालूही राहता येतं. भाच्याच्या वयाची पोरं त्याला फसवणूक म्हणतात. त्यांना म्हणू द्या.

प्लास्टर निघायच्या चार दिवस आधी, सेहेचाळिसाव्या खेळात, शेवटचा राक्षस 'हँड ऑफ द किंग' पडला. बायकोला हाक मारली. तिने पडदा बघितला आणि विचारलं, "मोटार चालू केली का?" केली होती. जिंकल्याचं बक्षीस म्हणून खेळाने आणखी कठीण पायरीचं दार उघडून दिलं, आणि अशा पायऱ्या पाच आहेत. भाचा म्हणाला, "मामा, आता खरी सुरुवात."

वही अजून टेबलावर आहे. शापित पेटी मी त्यानंतर एकदाही उघडलेली नाही; तुम्हीही निदान पहिले पन्नास खेळ तिच्या वाटेला जाऊ नका.