ओहायो नदी : प्रवाह आणि सीमारेषा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा समोर ठेवा आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहर शोधा. उत्तरेकडून येणारी अ‍ॅलेघेनी व दक्षिणेकडून येणारी मोनोंगाहेला या नद्यांचा तेथे संगम होतो आणि पुढील प्रवाहास ओहायो म्हणतात. सेनेका या मूलनिवासी लोकांच्या दृष्टीने मात्र अ‍ॅलेघेनी आणि ओहायो ही एकच नदी होय.

नदीचा मार्ग हिमयुगाने आखला. उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमस्तरांनी टीझ ही प्राचीन नदी अडवली आणि पाण्याने बर्फाच्या दक्षिण कडेने नवी वाट काढली. या वाटेने ओहायो सुमारे १५७९ किलोमीटर नैर्ऋत्येकडे वाहते. लुईव्हिलपाशी चुनखडीच्या खडकांवरून ती सुमारे ८ मीटर खाली उतरते. तेथे नौकांसाठी १८३० मध्ये कालवा खुला झाला. कानावा, वाबाश, कंबरलँड, टेनेसी या उपनद्या घेऊन ती इलिनॉयमधील केरो येथे मिसिसिपीस मिळते. संगमापाशी ओहायोचेच पाणी अधिक असते, तरी पुढे नाव मिसिसिपीचे चालते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे ते मधल्या पट्ट्यात. १७८७ च्या वायव्य प्रदेशविषयक कायद्याने नदीच्या उत्तरेस गुलामगिरी निषिद्ध केली; दक्षिणेस केंटकीत ती कायदेशीर होती. त्यामुळे नदी ही स्वातंत्र्याची सीमा, असे सहज लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. व्हर्जिनियाने वायव्येचा प्रदेश संघराज्याला दिला तेव्हा नदीचे पात्र स्वतःकडे ठेवले, आणि तोच हक्क पुढे केंटकीकडे आला. म्हणजे सीमा पात्राच्या मध्यावर नसून उत्तर तीरावर होती. पळून निघालेला गुलाम होडीत बसला, प्रवाहाच्या मध्यापलीकडे गेला, तरी तो गुलामांच्याच राज्यात असे. पाय काठाला लागेपर्यंत सुटका नव्हती. काठाला लागल्यावरही ती पक्की नव्हती, कारण ज्या कलमाने गुलामगिरी निषिद्ध केली त्याच कलमात पळालेल्यास परत नेण्याची मुभा होती.

तरीही माणसे निघत. ओहायो राज्यातील रिप्ली गावी टेकडीवर जॉन रँकिन या धर्मोपदेशकाचे घर होते. पैलतीरावरून आलेल्यांना तेथे आसरा मिळे. त्याच गावचा जॉन पार्कर स्वतः गुलाम होता. १८४५ मध्ये त्याने आपले स्वातंत्र्य विकत घेतले, पुढे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना काढला, आणि रात्री होडी घेऊन तो केंटकीच्या तीरावर माणसे आणावयास जाई. ज्याची सुटका झाली त्याने पुन्हा त्या काठावर जाणे, हे मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोठे वाटते.

१८५० च्या कायद्याने पाठलाग अधिक कडक झाला. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर कुटुंबासह गोठलेली नदी ओलांडून सिनसिनाटीस पोहोचली. पकडले जाताना तिने आपल्या लहान मुलीचा जीव घेतला. तिला पुन्हा गुलामगिरीत परत पाठवण्यात आले. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने देशातील गुलामगिरी संपली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या लोकांना अर्पण केला, ते याच लढ्यातील लोक.

पुढे बंधारे आणि नौकाद्वारे बांधून नदी खोल व रुंद करण्यात आली. सीमेचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. केंटकी राज्य झाले त्या १७९२ साली उत्तर काठावर जेथपर्यंत उन्हाळी पाणी असे, तीच सीमा, असा निकाल १९८० मध्ये झाला. ती रेषा आता बहुतेक ठिकाणी पाण्याखाली आहे.