चित्राआधी आवाज

दर डिसेंबरात ग्वाल्हेरला हजीऱ्यावर, तानसेनच्या समाधीजवळ, तानसेन समारोह भरतो. २०२४ साली त्याने शंभरी गाठली. थंडीत शाली पांघरून बसलेल्या श्रोत्यांना तंबोऱ्याची जवारीसुद्धा ऐकायची असते, आणि आवाज जरा कर्कश झाला तरी माना वळतात. ज्या गावाला असा कान आहे, तिथल्याच कचेऱ्यांच्या सभांमध्ये मागच्या निम्म्या लोकांना काही कळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बैठका, परिषदा आणि निरोपसमारंभांसाठी माइक, पडदे, कॅमेरे लावता लावता जे शिकलो ते सांगतो.

१. पैसे थोडे असतील तर आधी माइकवर खर्च करा. चौकशीचा पहिला प्रश्न एलईडी वॉल किती फुटांची, हाच असतो. पण पडदा बंद पडला तरी वक्ता बोलत राहतो. आवाज गेला की सभा तिथेच थांबते. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. मग ऑपरेटर आवाज वाढवतो आणि शिट्टी वाजते. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, आणि पाहुण्यांना व्यासपीठावर जाण्याआधीच आदराने सांगा, ‘साहेब, माइक हनुवटीशी धरा.’ वाईट कुणालाच वाटत नाही.

२. जागा आधी ऐका. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या इमारतींमध्ये छत उंच, फरशी दगडी, भिंती गुळगुळीत. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती किती वेळ घुमते ते पाहा. भाषणासाठी साधारण एक सेकंद ठीक. दोन-तीन सेकंद घुमलं तर शब्दावर शब्द चढतो. अशा ठिकाणी मंचाजवळ दोन मोठे स्पीकर लावून आवाज चढवणं चूक आहे. दोन्ही बाजूंना लहान स्पीकर लावा, प्रत्येकाचा आवाज हळू ठेवा, आणि मागच्यांना थोडा डिले द्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्याला मंचावरचा शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. शेजारचा स्पीकर तेवढंच थांबून बोलला तर दोन आवाज एक होतात. आणखी एक गोष्ट: रिकाम्या सभागृहातली चाचणी फसवते. माणसं आवाज शोषतात. जानेवारीत स्वेटर-शालीतली माणसं तर फारच. म्हणून लोक बसल्यावर पहिली दहा मिनिटं मिक्सरवरून हात काढू नका.

३. कृतिदेवची काळजी घ्या. मध्य प्रदेशातल्या कितीतरी कार्यालयांत हिंदी अजून याच फॉन्टमध्ये टाइप होते. ज्या लॅपटॉपवर तो नाही, तिथे अख्खी स्लाइड रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उघडते, आणि समोर सचिव बसलेले असतात. आदल्या संध्याकाळी फाइल मागवून घ्या, ज्या यंत्रावर चालवायची त्याच यंत्रावर उघडून पाहा, शिवाय पीडीएफ करून ठेवा. व्हिडिओ इंटरनेटवरून नको, लॅपटॉपवरच हवा.

४. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरपर्यंतच भरवशाची. पुढे एक्स्टेंडर लावा. वाटेत येणारी प्रत्येक वायर टेपने चिकटवा.

५. वीजवाल्याशी आधीच बोलून घ्या. मे-जूनमध्ये इथे पारा ४५ अंशांवर जातो आणि सगळे एसी एकदम चालू असतात. आवाजाची लाइन एसी आणि दिव्यांपासून वेगळी घ्या आणि अर्थिंग तपासा, म्हणजे स्पीकरमधली घरघर बरीच कमी होते. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतचे काही सेकंद महत्त्वाचे: मिक्सर, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यूपीएसवर हवेत. जुना दिव्याचा प्रोजेक्टर एकदा विझला की थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही.

६. भोपाळ-इंदूरहून ऑनलाइन बसलेले लोकही सभेतच आहेत. त्यांना त्यांचाच आवाज परत गेला तर इको होतो. म्हणून मिक्सरच्या ऑक्स आउटपुटमधून त्यांच्यासाठी वेगळा आवाज पाठवावा, त्यात सभागृहातले सगळे माइक असावेत, फक्त त्यांचा स्वतःचा आवाज नसावा. एका खोलीत एकाच लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर चालू राहील. प्रश्न विचारणाऱ्याने ‘माझा आवाज मोठा आहे’ म्हणून माइक नाकारला, तरी तो त्याच्या हातात द्याच.

७. उघड्यावरच्या स्नेहसंमेलनासाठी लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद. हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. शेवटचं भाषण साडेनऊला संपेल असाच कार्यक्रम आखा.

८. कार्यक्रमपत्रिका ऑपरेटरच्या हातात द्या. दीपप्रज्वलनाच्या वेळी सरस्वतीवंदना रेकॉर्डवर वाजणार की मुली गाणार, हे बहुतेक वेळा त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मुली गाणार असतील तर पेटीलाही माइक लागतो. आणि त्याला वेळेवर जेवायला घाला.

९. मागच्या रांगेत आपला एक माणूस बसवा, हाताच्या खुणेने सांगणारा. तिथे बहुधा निवृत्त मंडळी असतात. त्यांना ऐकू येत नाही म्हटलं की ऑपरेटर सगळाच आवाज वाढवतो, पण वय झाल्यावर आधी निसटतात ती स, फ, त यांसारखी व्यंजनं. ती २ किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असतात. तेवढाच पट्टा किंचित उचला, खालचा घुमारा कमी करा, आणि मग त्यांच्यापैकीच कुणाला तरी जाऊन विचारा की आत्ता वक्ता काय म्हणाला.