कंटेनरमधला 'लोकलहोस्ट' कोणाचा?

प्रश्न : एन-एट-एन हे ऑटोमेशनचं साधन डॉकरमध्ये चालवतो. त्याच संगणकावरच्या पोस्टग्रेस डेटाबेसची माहिती क्रेडेन्शियलमध्ये भरली, पासवर्डही बरोबर आहे. तरी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. काय चुकतंय?

उत्तर : पासवर्ड चुकला असता तर पोस्टग्रेसने तसं स्पष्ट सांगितलं असतं. इथे तुमची हाक त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. होस्टच्या रकान्यात तुम्ही 'लोकलहोस्ट' लिहिलं असणार. कंटेनरच्या आतून लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, आणि तिथे ५४३२ पोर्टवर कोणीच ऐकत नाही. विंडोज किंवा मॅकवर डॉकर डेस्कटॉप असेल, तर होस्ट म्हणून 'होस्ट.डॉकर.इंटर्नल' द्या (अर्थात रोमन लिपीत). दोन्ही एकाच कंपोज फाइलमध्ये असतील, तर पोस्टग्रेसच्या सर्व्हिसचं नाव पुरतं.

जोडणी जमली की 'पोस्टग्रेस' हा सर्वाधिकारी यूझर क्रेडेन्शियलमधून काढा. लागतील तेवढ्याच टेबलांचे हक्क असलेला वेगळा यूझर करा. याचा बहुतेक जण कंटाळा करतात. शिवाय एन-एट-एन ज्या एन्क्रिप्शन कीने हे पासवर्ड कुलूपबंद करतं, तिचाही बॅकअप ठेवा. सर्व्हर बदलताना ती हरवली, तर जुनी क्रेडेन्शियल्स उघडत नाहीत. सगळी नव्याने भरावी लागतात.