पायरी न चुकवता न्याय मागावा



पाड्यावरच्या माणसाची बाजारात फसवणूक झाली, की बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. तो गप्प बसतो, नाहीतर चारचौघांना घेऊन दुकानात भांडायला जातो. दोन्हींनी हाती काही लागत नाही. मत्तय १८ मध्ये अपराध करणाऱ्या बंधूशी वागण्याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी एकांतात बोलावे, मग एकदोन साक्षीदार न्यावेत, मग मंडळीपुढे मांडावे. ग्राहकाची तक्रारही अशीच पायरीपायरीने वर न्यावी लागते. सुरगाणा तालुक्यातील एका बहिणीसोबत काम करताना मी हे जवळून पाहिले.

तिने बचत गटातून कर्ज घेऊन पिठाची छोटी गिरणी आणली. दळणाच्या पैशांतून हप्ता फेडायचा, असा हिशेब होता. तिसऱ्याच आठवड्यात मोटर जळाली. दुकानदार म्हणाला, "कंपनीला विचारा." गिरणी बंद, हप्ता मात्र चालू.

पहिली पायरी: दुकानदाराला लेखी पत्र. खरेदीची तारीख, पावतीचा क्रमांक, बिघाड आणि आपली मागणी (दुरुस्ती, बदली की पैसे परत) स्पष्ट लिहावी. उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत द्यावी. आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. नाकारल्यास पोहोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवावे. आमचे पत्र मी लिहून दिले, पण मजकूर तिने सांगितला आणि सहीही तिचीच. तक्रार तिची होती, संस्थेची नव्हे.

दुसरी पायरी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. हेल्पलाइन तक्रार कंपनीपुढे ठेवते. निकाल देण्याचा अधिकार तिला नाही.

तिसरी पायरी: जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. निकाल मान्य नसेल, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

"धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही," असे कोणी सांगेल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूबाबत कायदा आपल्याला ग्राहकच मानतो. सदोष बियाण्यांबद्दल शेतकरीही ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आमचे काम दुसऱ्या पायरीवर झाले. कंपनीचा माणूस नवी मोटर घेऊन आला आणि ती बसवताच 'तक्रार मिटली' असा कागद पुढे केला. बहीण म्हणाली, "दादा, आधी पायलीभर नागली दळून दाखवा, मग सही." दळण नीट निघाले, मग तिने सही केली. मधल्या दिवसांची कमाई बुडाली होती. ती मागायला आयोगाकडे जायचे का, असे मी विचारले. नाशिकच्या खेपा घालण्यापेक्षा गिरणी चालवलेली बरी, असे ती म्हणाली. निर्णय तिचा होता, आणि आता तो नाइलाजाने घेतलेला नव्हता.

विचार व कृतीसाठी:

१. आपल्या घरातील मोठ्या खरेदीच्या पावत्या व वॉरंटी कार्डे एका पिशवीत आहेत का? वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे का?

२. पाड्यावर भेट द्याल तेव्हा १९१५ हा क्रमांक बचत गटाच्या वहीत लिहून द्याल का?

३. दुसऱ्याच्या वतीने बोलण्याऐवजी त्याच्या शेजारी बसून त्याला बोलू देणे आपल्याला का अवघड जाते?